देवडीवरचा पहारेकरी आणि पत्ता हरवलेले घर

घराला कुलूप लावून परगावी निघालेला माणूस पहिल्या वळणावर एकदा तरी मागे वळून पाहतो. कुलूप नीट लागले आहे हे त्याला ठाऊक असते. तरीही तो पाहतो. मागे राहिलेल्या घरावर आपली नजर असावी ही इच्छा घराइतकीच जुनी आहे. ह्या इच्छेपोटी गावाने जागल्या नेमला, वाड्याने देवडीवर पहारेकरी बसविला, आणि ज्याला ह्यांपैकी काहीच परवडत नव्हते त्याने शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली. आज तीच इच्छा ओटीवर बसविलेल्या कॅमेऱ्याच्या रूपाने आपल्यापुढे उभी आहे. कोकणातले घर आठ महिने बंद, म्हातारे आईवडील साताऱ्याला एकटे, मुलगा मुंबईला किंवा थेट अमेरिकेत, आणि मध्ये हा कॅमेरा. पण पुष्कळदा असे होते की कॅमेरा घरात उत्तम चालतो, घरातल्या पडद्यावर चित्र स्वच्छ दिसते, आणि घराबाहेर पाऊल टाकताच मोबाईलवर काळोख पसरतो. कॅमेरा बसविणारा कारागीर सांगतो, ‘तुम्हाला पब्लिक आयपी नाही, त्याला मी काय करू?’

कारागिराचे म्हणणे खरे असते. पण ह्या एका वाक्यामागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. ज्या जाळ्याची उभारणीच मुळी ‘प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता’ ह्या तत्त्वावर झाली, त्या जाळ्यात आपले घर बिनपत्त्याचे कसे झाले? हा केवळ यंत्रविद्येचा प्रश्न नाही. टंचाईतून निघालेली तात्पुरती सोय कायमची व्यवस्था कशी होते आणि त्या व्यवस्थेतून मध्यस्थ कसे जन्माला येतात, ह्याचा तो इतिहास आहे. आज मला तोच मांडावयाचा आहे.

प्रारंभ न्यूयॉर्कमधल्या एका परिचारिकेपासून करू. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही क्वीन्स भागातल्या जमैका नावाच्या वस्तीत राहणारी कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या कामाच्या वेळा अवेळीच्या, वस्तीत गुन्हेगारी बरीच, आणि पोलिसांना बोलावले तर ते लवकर येतील अशी खात्री नाही. रात्री दार वाजले तर ते उघडण्यापूर्वी बाहेर कोण आहे हे निजण्याच्या खोलीतूनच कळावे, अशी तिची साधी गरज होती. तिने व तिचा पती अल्बर्ट ह्याने मिळून एक रचना केली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत दूरचित्राचा पडदा, बोलण्या-ऐकण्याची सोय, आणि दूरूनच दार उघडण्याची किंवा धोक्याची सूचना देण्याची कळ. १९६६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ते मंजूर झाले. घरगुती पहाऱ्याच्या कॅमेऱ्याची वंशावळ बहुधा ह्याच पेटंटापासून सांगितली जाते. तिच्या रचनेत अंतर होते दारापासून पलंगापर्यंतचे, आणि पाहणारा व पाहिले जाणारे ह्यांच्यामध्ये परका कोणीही नव्हता.

हे अंतर लांबले ते एका क्षुल्लक कारणाने. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. दूरच्या खोलीतून जिने उतरून यावे आणि भांडे रिकामे आढळावे, ह्या त्रासाला कंटाळून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्झ्की ह्यांनी १९९१ मध्ये भांड्यासमोर कॅमेरा लावला. चित्र करडे, आकाराने १२८ बाय १२८ ठिपक्यांचे. आरंभी ते प्रयोगशाळेतल्या संगणकांनाच दिसत असे; नोव्हेंबर १९९३ मध्ये ते वेबवर आले आणि जगातला कोणीही मनुष्य केंब्रिजच्या कॉफीची पातळी पाहू लागला. २००१ च्या ऑगस्टमध्ये तो कॅमेरा बंद झाला. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यात एक मर्म आहे. त्या प्रयोगशाळेच्या यंत्राला जगाने ओळखावा असा स्वतःचा पत्ता होता. म्हणून बाहेरचा माणूस सरळ त्याच्या दाराशी येऊ शकला. मधे कोणाला विचारावे लागले नाही.

हा पत्ता म्हणजे काय? इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ते पत्र असो, गाणे असो की चित्र असो, लहानलहान पुडक्यांत विभागली जाते, आणि प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान ह्यांनी १९७४ मध्ये ह्या व्यवस्थेची मूळ कल्पना मांडली, आणि सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपत्राने तिला आजचे रूप दिले. पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा ठरला. बत्तीस अंकांतून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते निघतात. ही संख्या त्या काळी अफाट वाटली. वस्तुतः त्याच वर्षी जगाची लोकसंख्या साडेचार अब्जांच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ता म्हटला तरी तो पहिल्या दिवसापासूनच पुरणार नव्हता. पण दोष कोणाला द्यावा? सर्फ ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की आपण एका प्रयोगासाठी संख्या निवडत आहोत अशी त्यांची समजूत होती. प्रयोग संपलाच नाही, आणि प्रयोगाचे मापच जगाचे माप होऊन बसले.

त्यात वाटणी झाली ती मोठ्या ऐसपैस हाताने. आरंभीच्या पंक्तीला जे बसले त्यांना भरभरून वाढले गेले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी ह्या एका संस्थेच्या वाट्याला १,६७,७७,२१६ पत्ते आले. त्यांपैकी सुमारे ८० लाख पत्ते वापराविना पडून असल्याने आपण विकणार आहोत, असे त्या संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केले! भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. आपण पंक्तीला जाऊन बसलो तेव्हा वाढपी परतू लागले होते.

टंचाई येणार हे जाणत्यांना १९९० च्या सुमारासच उमगले होते. तिच्यावर दोन उपाय निघाले. एक मुळाशी जाणारा: पत्ताच मोठा करावयाचा, बत्तीसाऐवजी एकशे अठ्ठावीस अंकांचा. ह्या नव्या व्यवस्थेचे, म्हणजे आयपीव्ही६ चे, पहिले नियमपत्र डिसेंबर १९९५ मध्ये आले. दुसरा उपाय होता वेळ मारून नेण्याचा. मे १९९४ मध्ये क्येल एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस ह्यांनी तो मांडला. त्याचे नाव नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. ही सोय अल्पकालापुरती आहे असे तिच्या जनकांनीच त्या पत्रात म्हणून ठेवले आहे.

नॅट समजावयास पेशवाईतला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात बिऱ्हाडे वीस, पण बाहेर जगाला ठाऊक असलेला पत्ता एकच. आतून कोणी पत्र पाठविले की देवडीवरचा पहारेकरी पाकिटावर वाड्याचा पत्ता घालतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो की अमक्या बिऱ्हाडाचे पत्र तमक्याला गेले. उत्तर आले की वही पाहून ते त्या बिऱ्हाडी पोचवितो. आपल्या घरातला राउटर हाच तो पहारेकरी. पण मागितल्यावाचून कोणी बाहेरून आला तर? वहीत नोंद नाही. पहारेकरी त्याला दारातूनच परत लावतो. तो दुष्ट नसतो. हा पाहुणा वीसांपैकी कोणत्या बिऱ्हाडी जावयाचा हेच त्याला कळत नाही. बंद घरावरच्या आपल्या कॅमेऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. आपण बाहेर उभे आहोत, कॅमेरा आत आहे, आणि आपल्याला आत बोलावणारे कोणीच नाही.

ह्या सोयीला विरोध झाला नाही असे नाही. वाड्याच्या आत वापरावयाचे खाजगी पत्ते निराळे राखून ठेवावेत ही सूचना मार्च १९९४ मध्ये निघताच जुलैमध्ये तिच्यावर कडक टीका करणारे पत्र प्रसिद्ध झाले. ह्या जाळ्याची सारी शक्ती टोकाचे यंत्र टोकाच्या यंत्राशी सरळ बोलू शकते ह्यात आहे, आणि प्रत्येक पत्ता जगात एकमेव असणे हा त्याचा पाया आहे. तोच तुम्ही खणीत आहात, असा टीकाकारांचा आक्षेप होता. आक्षेप खरा होता. परंतु टंचाईही खरीच होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी पत्त्यांचे अंतिम नियमपत्र निघाले तेव्हा त्याच्या पाच लेखकांत एलियट लिअर हे नाव होते, आणि हेच लिअर दीड वर्षापूर्वी टीकाकारांच्या यादीत होते. मला ह्यात कोणाचा पराभव दिसत नाही. तत्त्वाला गरजेपुढे वाट काढून द्यावी लागते, त्या तडजोडीचे हे दर्शन आहे. आज आपल्या घरातले १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्या तडजोडीचीच संतती होत. ते कोट्यवधी घरांत सारखेच आहेत, म्हणून बाहेरच्याला त्यांचा उपयोग शून्य.

स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा १९९६ मध्ये बाजारात आणला. म्हणजे कॅमेरा आणि खाजगी पत्ता ही एकाच वर्षीची भावंडे. पुढची काही वर्षे लोकांनी जो मार्ग काढला तो पहारेकऱ्याला कायमची सूचना देण्याचा: ‘अमुक क्रमांकाच्या खिडकीवर कोणीही आला तरी त्याला कॅमेऱ्याकडे सोड.’ ह्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पुढे यंत्रे इतकी शहाणी झाली की मालकाला न विचारताच कॅमेरा राउटरला अशी सूचना देऊ लागला. सोय झाली खरी. पण ‘कोणीही’ ह्या शब्दाचा अर्थ लोकांच्या ध्यानी आला नव्हता.

तो ध्यानी यावयास वेळ लागला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या कॅमेऱ्यांतली उणीव उघडकीला आली आणि सुमारे सातशे घरांतली जिवंत चित्रे परक्यांनी इंटरनेटवर मांडली. त्यांत पाळण्यात झोपलेली मुले होती, खेळणारी मुले होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. त्याहून मोठा धडा २०१६ चा. मिराई नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जाळ्यावर दारोदार हिंडू लागला. त्याच्यापाशी विशेष विद्या काहीच नव्हती. कारखान्यातून यंत्राबरोबर आलेल्या परवलीच्या शब्दांची सुमारे साठ जोड्यांची एक यादी होती, एवढेच. मालकाने तो शब्द बदललेला नसला की यंत्र त्याच्या ताब्यात गेले. असे कॅमेरे व राउटर लाखांनी गोळा झाले, आणि २१ ऑक्टोबर १९६६ नव्हे, २०१६ रोजी, म्हणजे मेरी ब्राउन ह्यांच्या अर्जानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, त्यांच्या भडिमाराने डिन ह्या कंपनीची सेवा कोलमडून अमेरिकेतली कित्येक प्रख्यात संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. घर राखण्यासाठी नेमलेला पहारेकरीच दरोडेखोरांच्या टोळीत सामील झाला होता, आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

एव्हाना इकडे टंचाईने शेवटचे पाऊल टाकले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले अखेरचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून झाले आणि कोठार रिते झाले. आशियाचा साठा त्याच एप्रिलमध्ये तळाला लागला. आता इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपाशीच पत्ते पुरेनात, मग ती ग्राहकाला कोठून देणार? तेव्हा कंपन्यांनी वाड्यावरची युक्ती गावाच्या वेशीवर नेली. शेकडो घरांमागे एकच खरा पत्ता, आणि वेशीवर कंपनीचा पहारेकरी. ह्या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते निराळे राखले गेले. आपल्या राउटरच्या बाहेरच्या अंगाला असा पत्ता दिसला, किंवा १० ने सुरू होणारा दिसला, तर आपण वेशीच्या आत आहोत असे खुशाल समजावे. येथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपाय संपतो. आपल्या देवडीवरच्या माणसाला आपण हुकूम देऊ शकतो. वेशीवरचा माणूस आपला चाकर नाही.

मग मार्ग कोणता? सर्व मार्गांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. पहारेकरी कितीही असोत, आतून बाहेर जाणाऱ्याला ते अडवीत नाहीत. म्हणून बाहेरच्याने आत जाण्याचा हट्ट सोडावा आणि आतल्यानेच बाहेर यावे. कॅमेऱ्याने आपण होऊन बाहेरच्या एखाद्या ठिकाणाशी संबंध जोडून ठेवावा. मोबाईलनेही तेथेच यावे. दोघांची गाठ तेथे पडावी.

ह्याची एक चतुर तऱ्हा अशी. दोन वाड्यांतल्या दोन माणसांना बोलावयाचे आहे. दोघेही बाहेरच्या एका ओळखीच्याला पत्र टाकतात आणि ‘माझ्या पाकिटावर बाहेरून कोणता पत्ता दिसतो?’ असे विचारतात. तो एकाचा पत्ता दुसऱ्याला कळवितो. मग दोघेही एकाच वेळी एकमेकांना पत्र धाडतात. प्रत्येक पहारेकऱ्याच्या वहीत बाहेर गेलेल्या पत्राची नोंद असते. म्हणून आलेले पत्र हे त्याचे उत्तरच आहे असे समजून तो ते आत घेतो. पत्ता विचारण्याच्या ह्या पद्धतीचे नियमपत्र २००३ मध्ये निघाले. ब्रायन फोर्ड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ८२ टक्के राउटर ह्या युक्तीला वश होतात असे आढळले. पण काही पहारेकरी प्रत्येक नव्या माणसासाठी निराळा क्रमांक वापरतात आणि तेथे ही युक्ती फसते. मूळ नियमपत्राच्या नावात ह्या पद्धतीला नॅट ओलांडण्याचा मार्ग म्हटले होते. २००८ च्या सुधारित पत्रात ती नुसते साधन ठरली. युक्ती फसली की मग उरतो निरोप्या: सारे चित्र मधल्या सर्व्हरवरून नेणारा. २०१० मध्ये त्याचेही नियम ठरले.

आज दुकानात मिळणारे बहुतेक कॅमेरे हेच करतात. खोक्यावरच्या चौकोनी खुणेचे छायाचित्र घ्यावे, आणि क्षणात चित्र दिसू लागते. मधला निरोप्या कंपनीचा असतो. आणि येथे आपण शेजाऱ्याच्या किल्लीपाशी परत येतो. शेजाऱ्याला आपण ओळखत होतो. हा निरोप्या कोण, कोणत्या देशी बसतो, आपले चित्र उघडून पाहतो की काय? अमेरिकेच्या त्याच ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये रिंग ह्या प्रख्यात कंपनीवर असा आरोप ठेवला की तिच्या नोकरांना ग्राहकांची खाजगी चित्रे पाहता येत होती, आणि एका नोकराने स्त्रियांच्या घरांतली हजारो चित्रे महिनोन्‌महिने पाहिली होती. ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटले. सर्वच कंपन्या अशा असतात असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या हातून चित्र जाते त्याच्या नीतीवर आपली अब्रू अवलंबून राहते, हे नाकारता येणार नाही.

ज्याला हे नको असेल त्याने निरोप्या स्वतःचाच नेमावा. बाहेर कोठेतरी खरा पत्ता असलेला एक लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यावा. घरातल्या एका यंत्राने त्याच्याशी बंदिस्त भुयार जोडून ठेवावे. मोबाईलनेही तसेच करावे. भुयारातून जाणारे सर्व गुप्त लिपीत असल्यामुळे सर्व्हर ज्यांच्या मालकीचा त्यांनाही ते वाचता येऊ नये अशी मांडणी करता येते. ह्या विद्येचा इतिहासही टंचाईचा नसून भयाचा आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरीला गेल्यावर तातू युलोनेन ह्याने १९९५ मध्ये एसएसएच रचले. त्याच परंपरेतले जेसन डोनेनफेल्ड ह्याचे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. ते सुमारे चार हजार ओळींत सामावते, म्हणून एका माणसाला वाचून तपासता येते, हाच त्याचा मोठेपणा. ह्या भुयारांची जोडणी सोपी करून देणाऱ्या सेवाही आता आहेत. मात्र तेथेही ओळख पटवून देणारा कोणी मध्यस्थ असतोच.

आणि तो पहिला, मुळाशी जाणारा उपाय? तो मेला नाही. ६ जून २०१२ रोजी मोठ्या संस्थांनी आयपीव्ही६ कायमचे चालू केले, २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला, आणि ते वापरणाऱ्यांत आज भारत जगाच्या आघाडीवर आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओने त्याला मोठी गती दिली. पंक्तीला उशिरा बसलेल्याने नवे पान आधी मांडून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या व्यवस्थेत घरातल्या कॅमेऱ्यालाही जगात एकमेव असा पत्ता मिळतो. तरीही राउटर बाहेरून येणाऱ्याला सामान्यतः अडवितोच. आणि २०१६ चा अनुभव जमेस धरता त्याने अडवावे हेच योग्य. पत्ता असणे आणि दार सताड उघडे असणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. टंचाईच्या काळात आपण त्यांची गल्लत केली, आणि पत्ता नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत अशी समजूत करून घेतली. दारिद्र्यामुळे चोर येत नाही ह्याला कोणी बंदोबस्त म्हणत नाही.

ह्या इतिहासातून मला एवढेच सांगावयाचे आहे. मेरी ब्राउनच्या घरात पाहण्याचा अधिकार आणि दाराची कळ एकाच हाती होती. त्यानंतर अंतर वाढत गेले, आणि प्रत्येक वाढीबरोबर मध्ये एकेक माणूस उभा राहिला: देवडीवरचा, वेशीवरचा, आणि शेवटी निरोप्या. मध्यस्थ टाळता येणार नाहीत. आपले पूर्वजही शेजाऱ्याकडे किल्ली ठेवूनच काशीयात्रेला जात. पण किल्ली कोणाकडे ठेवली आहे हे त्यांना ठाऊक असे. कारखान्याचा परवलीचा शब्द बदलावा, कॅमेरा ओटीवर लावावा पण माजघरात लावू नये, आणि आपले चित्र कोणाच्या हातून जाते हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले. वळणावर थांबून मागे पाहणाऱ्या माणसाला त्याचे घर दिसले पाहिजे. त्याच्या आधी ते दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये.